मधल्या बोटाचा सांधा

कुठल्याही गोल वस्तूची जाडी मी डोळे मिटून सांगू शकतो. ही फुशारकी नाही, माझं पोट त्यावरच चालतं. कांगशान गावातल्या ज्या कारखान्यात मी तपासनीस आहे, तिथे दिवसभर पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसे स्क्रू आणि नट पडत असतात. त्यातला एखादा उचलून मी अंगठा आणि तर्जनीत फिरवतो आणि डब्यात टाकतो, बरोबरच्या किंवा बादच्या. यंत्र नंतर माझंच म्हणणं खरं करतं. त्यामुळे साखरपुड्यासाठी युन-रूच्या बोटाचं माप काढायची वेळ आली, तेव्हा मी सिनेमाच्या अंधारात तिचं मधलं बोट थोडा वेळ चिमटीत धरलं, जरासं फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सराफाला जाऊन सांगितलं, बारा नंबर. सराफ म्हणाला, बाईंना एकदा घेऊन या. मी नुसता हसलो. आमच्या कारखान्यातले लोक हसतात तसं, बाहेरच्या माणसाला यंत्र लागतं म्हणून.

रविवारी युन-रू आमच्याकडे जेवायला आली. आईकडे बारा नंबरची एक जुनी अंगठी पडून होती. ती आईनं काढली आणि सहजच केल्यासारखं म्हणाली, अगं, घालून बघ, तुझ्या हाताला कशी दिसते. अंगठी नखावरून गेली, पहिल्या पेरावरून गेली आणि मधल्या सांध्यापाशी अडली. युन-रूनं रेटली. आईनं रेटली. मग भांडी घासायचा साबण आला. मी माशाचे काटे काढत बसलो होतो, ते काढतच राहिलो. युन-रू गेल्यावर आईनं ओटा पुसला, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि म्हणाली, "तू आपले बोल्टच तपास बाबा." कारण बोल्टला सांधा नसतो. बोट बुडाशी बारीक असतं आणि मध्येच त्याला गाठ येते, आणि अंगठीला त्या गाठीवरून जावं लागतं, हे कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीला कळतं. मला ते चौतिसाव्या वर्षी, काट्यांच्या ढिगासमोर कळलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आईला त्या सांध्याचाच संशय आला. एवढ्याशा मुलीचा सांधा एवढा जाड कसा? नक्की तिच्या आईनं बोट वाकवायची तयारी करून घेतली असणार, ती म्हणाली. आमच्याकडे साखरपुड्याला मुलीला उंच खुर्चीवर बसवतात, पाय छोट्या स्टुलावर, आणि मुलगा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगठी सरकवतो, नंतर ती त्याच्या डाव्या हाताच्या. ऐन वेळी मुलगी बोट वाकवते. अंगठी बोटाच्या मुळापर्यंत गेली तर मुलगी जन्मभर सासरच्या मुठीत, सांध्यापाशी अडली तर सुटली. हे कुणीही खरं मानत नाही. आणि त्या क्षणी हॉलमधला एकही माणूस भुईमुगाचा दाणासुद्धा तोंडात टाकत नाही, सगळे माना लांब करून बघत असतात.

आईची अंगठी मुळापर्यंत गेली होती. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण दर वेळी त्यात काहीतरी कमी-जास्त असतं, त्यामुळे खरं काय ते मला माहीत नाही. एकदा ती म्हणायची, सकाळी तांदळाचे गोळे तळत होते, हाताला तेल होतं, सुर्रकन गेली. एकदा म्हणायची, तुझ्या वडिलांना इतका घाम फुटला होता की मला दया आली, म्हणून वाकवलंच नाही. वडील वारले, आजी तर त्याच्याही आधी, आता विचारायचं कुणाला. मला आठवते ती फक्त आजीची हाक, आतल्या खोलीतून, कधी पाण्यासाठी, कधी पायाखाली उशी हवी म्हणून, आणि हाकेसरशी ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईचा अंगठा नकळत त्या अंगठीवर जायचा आणि ती फिरवायचा. आता त्या बोटाला कंबर पडलीय. अंगठी निघत नाही. आजी गेल्यावरसुद्धा हाक आल्यासारखी आई अधूनमधून ती फिरवते. म्हणून मला वाटायचं, सुनेच्या बाबतीत तरी ती म्हणेल, जाऊ दे, पोरगी सुटली तर सुटू दे. पण ती म्हणाली, तिच्या घरी जा, झोपेत माप घे, सांध्याचं घे, आणि सराफाला त्याहून एक नंबर मोठी सांग. सराफ मागच्या बाजूनं उघडी असते तसली अंगठी दाखवेल, ती घेऊ नकोस, ती चिमटीत दाबली की लहान होते. आणि तिला विचारू नकोस, विचारलंस की तिची आई नंबर खाली आणेल. मी म्हटलं, तुला एवढा त्रास झाला, मग तिलाही तोच का. आई फडकं उलटं करून वाळत घालत होती. "मला कुणी विचारलं होतं का," ती म्हणाली. ते उत्तर होतं की प्रश्न, मला कळलं नाही. कदाचित तिला सून दाबायची नसेल. कदाचित त्या अंगठीत काय वाटतं हे माहीत असणारं दुसरं माणूस घरात हवं असेल, एवढंच.

युन-रू कृत्रिम दात बनवते. डॉक्टर फांगच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून, आणि काम राहिलं तर घरी आणून. तिच्या भाड्याच्या घरात फळीवर, खिडकीत, फ्रीजच्या डोक्यावर प्लास्टरचे जबडे असतात, सगळे आ वासलेले, जणू सगळ्यांना एकदमच काहीतरी आठवलंय. आमची ओळख दातावरूनच झाली. माझ्या दाढेवर तिनं बनवलेली टोपी बसवली आणि मी म्हटलं, केसभर उंच आहे. डॉक्टरांनी घासली. मी म्हटलं, अजून आहे. तेव्हा ती आतून आली, मास्क खाली केला, माझ्या तोंडात बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दाढ बरोबर आहे. तुमची जीभ संशयी आहे." मी त्याच आठवड्यात पुन्हा गेलो, दाढ दुखत नसताना. आता ती टोपी इतकी बसलीय की हे लग्न मोडलं तर मला जन्मभर तिच्यावरच चावत राहावं लागेल. त्या दुपारी जिना चढताना माझ्या डोक्यात हेच होतं. आई सांगते म्हणून चोरून माप घेतोय हे युन-रूला कळलं तर ती अंगठीच काय, मलाही बोटापर्यंत येऊ देणार नाही.

जेवण झाल्यावर ती सोफ्यावर झोपली, उजवा हात खाली लोंबत. खिशात मी लाल दोरा आणला होता, तो ऐन वेळी सापडेना. मग तिच्याच न्हाणीघरातून दात साफ करायची दोरी घेतली, पुदिन्याच्या वासाची. गुडघ्यावर बसून ती तिच्या मधल्या बोटाला गुंडाळली. बोट गरम होतं, झोपेत माणूस गरम होतो, म्हणजे माप मोठं येणार. दोरी मेण लावलेली, ताणते, म्हणजे माप छोटं येणार. या दोन चुका एकमेकींना खातील का याचा मी हिशेब करत होतो, आणि दोरी सांध्यावर नेली, तेवढ्यात तिनं बोट वाकवलं. हळूच. डोळे मिटलेले, श्वास तसाच. दोरी माझ्या चिमटीतच. झोपेत माणूस बोट वाकवतो का? वाकवत असेल. मीही वाकवत असेन. पण तेच बोट, नेमकं तेव्हाच, नेमकं तेवढंच? तिच्या पापणीकडे मी इतका वेळ बघत राहिलो की ती हलतेय की माझेच डोळे हलतायत ते कळेना. पुदिन्याचा वास नाकात चढला. फळीवरचे सगळे जबडे माझ्याकडे आ करून बघत होते. त्यांच्याकडे बघायला मान वळवली आणि मला ते दिसलं.

दोन जबड्यांच्या मागे एक बोट उभं होतं. प्लास्टरचं, पांढरं, बुडापासून नखापर्यंत अख्खं. पुरुषाचं. सांध्यावरच्या सुरकुत्या, नखाखालची चंद्रकोर, सगळं. दातांचा साचा घ्यायला ती गुलाबी लापशी वापरते, तोंडात भरली की क्षणात घट्ट होते आणि रबरासारखी निघते. हे बोट तिनं त्याच लापशीत बुडवून घेतलं असणार. म्हणजे कुणीतरी इथे बसून, शांतपणे, आपलं बोट तिच्या हातातल्या वाटीत बुडवून ठेवलं होतं. किती वेळ? दोघं काय बोलत होते? मी ते बोट खिशात टाकलं आणि तिच्या बोटावरची दोरी तशीच सोडून घरी आलो.

घरी दार लावून कागदाची पट्टी कापली, बोटाभोवती गुंडाळली, टोक जुळलं तिथे पेननं खूण केली. एकोणीस. मग तीच पट्टी माझ्या डाव्या मधल्या बोटाला. सतरा. उजव्याला साडेसतरा, पण प्लास्टरचं डाव्या हाताचं होतं, अंगठ्याकडची बाजू जास्त चेपलेली होती, तेवढं मला कळतं. पुन्हा केलं. थंड पाण्यात हात बुडवून केलं. फिरत फिरत केलं. सतरा. ते नखही माझं वाटेना, जरा चौकोनी, जरा गर्विष्ठ. साखरपुडा जवळ आलेल्या मुलीनं साखरपुड्याच्या बोटाचं माप घेऊन ठेवलंय आणि ते माप माझं नाही. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात चांगल्या स्क्रूंची एक अख्खी परात बादमध्ये टाकली. कुणीही हात पुढे केला की माझी नजर मधल्या बोटावर जायची. चहावाल्याचं एकवीस. सुरक्षारक्षकाचं अठरा, पण त्याला ते बोट अर्धंच आहे. रात्री अंथरुणात अचानक डॉक्टर फांग आठवले. त्यांची बोटं माझ्या तोंडात होती. जीभ विसरत नाही, माझी तर नाहीच. जाड होती का? होती. एकोणीस? सांगता येईना. तोंडात सगळंच मोठं वाटतं.

सकाळी मी दाढ दुखते म्हणून वेळ घेतली. खुर्ची मागे गेली, दिवा डोळ्यांवर आला, डॉक्टरांनी विचारलं, कुठली, आणि मी आ केला. पहिली आत आली ती तर्जनी. तिचा उपयोग नव्हता. जिभेनं मी मधल्याची वाट बघत राहिलो. डॉक्टर हिरडी दाबत दाबत मागे सरकले आणि मधलं बोट माझ्या दाढेपाशी आलं, रबरी हातमोज्यातलं, किंचित औषधी चवीचं. मी ते जिभेनं खालून चाचपलं. कळेना. मोज्याची जाडी वजा करायची होती आणि ते हलत होतं. ते हलू नये म्हणून मी दात किंचित मिटले. किंचितच, पण युन-रूनं बनवलेली ती टोपी खरोखर केसभर उंच आहे, हे तेव्हा सिद्ध झालं. डॉक्टर ओरडले ते बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं म्हणतात. बोट मात्र पंधराच्या वर नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी रक्त बघूनही हसलो, आणि तेच त्यांना जास्त लागलं. जिना उतरेपर्यंत हलकेपणा संपला. डॉक्टर नाहीत, मग कोण?

युन-रू जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापाशी आली. हेल्मेट काढलं नाही. स्कूटर चालूच ठेवली आणि हात पुढे केला.

"बोट दे."

मी खिशातून काढून दिलं. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, त्याचं टोक खिशातून बाहेर आलं होतं.

"डॉक्टरांना का चावलास?"

मी सांगितलं. वेड्यासारखं सगळं सांगितलं, आईचा एक नंबर जास्त, दोरी, सतरा, एकोणीस. आमचे कामगार डबे घेऊन आजूबाजूनं जात होते आणि मुद्दाम हळू जात होते. तिनं स्कूटर बंद केली.

"हे तुझंच आहे, बावळटा."

"माझं नाही. मी मोजलंय."

"मटण खाऊन सोफ्यावर आडवा झालास ना, त्या दिवसाचं आहे. तेवढं मीठ आणि तेवढी चटणी पोटात गेली की तू दुसराच माणूस असतोस. हात वाटीत बुडवला तरी जागा झाला नाहीस. वर म्हणालास, थोडं गरम आण."

तिच्या आईनं सांगितलं होतं. मुलाचं माप झोपेत घे, आणि थोडी सैल कर, म्हणजे त्याची अंगठी मुळापर्यंत जाईल. तुझं बोट मात्र वाकव. म्हणजे दोन्ही घरांत एकच सल्ला, फक्त बोट बदललेलं. मला हसू यायला हवं होतं. पण मला दोरी आठवली. मी विचारलं, त्या दुपारी तू जागी होतीस ना. हो, ती म्हणाली. मग बोट का वाकवलंस? ती जरा थांबली. गुदगुल्या झाल्या, म्हणाली. ते जरासं थांबणं मी आजही मोजतोय.

"हे बघ आ-युआन," तिनं हेल्मेटची काच वर केली, "आयांचं राहू दे. त्या खुर्चीवर मी बसले आणि तू अंगठी ढकललीस, तर मी उठून जाईन. सगळे बघत असले तरी. मला असल्या घरात यायचंच नाही जिथे माझ्याकडे बघून आधी माझा सांधा दिसतो."

मी म्हटलं, मी सांध्यापाशी थांबेन. शप्पथ.

"मग मी वाकवणार नाही," ती म्हणाली आणि काच खाली ओढली. काच खाली आल्यामुळे तिचा चेहरा कसा होता ते मला दिसलं नाही.

त्यानंतर मला झोप लागेना. करार सोपा होता, मी थांबायचं, तिनं सरळ ठेवायचं, अंगठी आपोआप मध्येच राहील, कुणीच कुणाच्या मुठीत नाही. पण मी थांबलो आणि तिनं तरी वाकवलं तर? मग सगळ्यांना दिसेल की मुलीनं वाकवलं आणि मुलगा नुसता उभा राहिला, म्हणजे मी आजन्म वाकलो. आणि ती हाच विचार माझ्याबद्दल करत नसेल कशावरून? मी आईसमोर भात खाताना बोटाकडे बघायचो, आई माझ्याकडे बघायची. तिला काहीतरी कळलं होतं. एकदा ती म्हणाली, तुझे वडीलही आधी मला म्हणाले होते, थांबेन. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. ती आत्ता बनवली की पस्तीस वर्षं ठेवली होती? अंगठी मात्र मी दोन्ही आयांना न विचारता बरोबर मापाची करून घेतली. सराफाकडे युन-रू स्वतः माझ्याबरोबर आली, कड्यांच्या जुडग्यातून एकेक कडी घालून बघितली, आणि बरोबर निघालं ते साडेचौदा. माझी सतराची केली. एवढं तरी आम्ही सरळ केलं.

त्या दिवशी ती लाल कपड्यात खुर्चीवर बसली, पाय स्टुलावर, दार समोर. मागे तिची आई, माझ्या मागे माझी आई. मी तिचा हात घेतला. थंड होता, थंड हाताचं बोट बारीक होतं, हे मनात आलंच. अंगठी नखावरून सरकली. पेरावरून सरकली. सांध्यापाशी आली. मी थांबणार होतो. हे मी कुणापुढेही हात वर करून सांगेन, मी थांबणार होतो. तेवढ्यात मला तिच्या बोटाच्या आतल्या बाजूला एक बारीकशी हालचाल जाणवली, बोल्टवर केसाचा फरक जाणवतो तशी, किंवा वाटलं तसं. माझ्या मागे आई खोकली. आणि मी ढकलली. त्याच क्षणी तिनं वाकवलं. आधी कोण, ते फोटोवाल्याच्या फोटोतही कळत नाही, आम्ही बघितलेत. अंगठी जाड गाठीवर चढली आणि तिथेच रुतली, पुढे नाही, मागे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही आयांनी वाकून बघितलं आणि दोघी समाधानानं मागे टेकल्या, कारण जिथून जी बघत होती तिथून तिला तिचंच जिंकणं दिसत होतं.

गोड चहा फिरेपर्यंत बोट लाल झालं, माशाच्या बशा येईपर्यंत जांभळं. साबण झाला, तेल झालं, तिनं स्वतः दातांची दोरी गुंडाळून बघितली. मुलाकडचे लोक साखरपुड्याहून निघताना पुन्हा भेटू म्हणत नाहीत, गुपचूप निघतात, त्यामुळे मी उठलो तेव्हा कुणालाच काही विचित्र वाटलं नाही, फक्त माझ्याबरोबर मुलगीही उठली. चौकापलीकडे अग्निशमन केंद्र आहे, आमच्याकडे घरात साप निघाला तरी त्यांनाच बोलावतात आणि अडकलेल्या अंगठ्याही तिथेच कापतात. तिथल्या बाकावर आम्ही बसलो, तिचा हात माझ्या गुडघ्यावर, समोर लाल गाडी. एक दांडगा जवान बोट आणि अंगठी यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी सरकवून छोटी चकती फिरवायला लागला. सोन्याचा बारीक चुरा तिच्या लाल बाहीवर पडत होता.

"ढकललीस ना," तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"हो. वाकवलंस ना?"

"हो."

"आधी?"

"माहीत नाही." मग थोड्या वेळानं, "खरंच माहीत नाही." मी तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की हे खोटं नाही, निदान मोजण्याइतकं तरी नाही. ती उठून जाऊ शकत होती, तसं म्हणालीही होती. तिनं बाहीवरचा चुरा दुसऱ्या हाताच्या नखानं गोळा करून माझ्या तळहातावर ठेवला आणि हात पुन्हा माझ्या गुडघ्यावर सोडला. मी तळहात मिटला.

अंगठी अर्धी कापून झाली होती तेव्हा भोंगा वाजला. जवानानं यंत्र टेबलावर ठेवलं, बूट घातले आणि सगळे गाडीत बसून गेले. फोनपाशी एक जण मागे राहिला होता, त्याला आम्ही विनंती केली. त्यानं आमच्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं आणि सांगितलं की ते यंत्र त्याला चालवता येत नाही, तो साप पकडतो.